मेंढ्याचं देणं

ज्या गावात मी कधी राहिलो नाही, जिथल्या शाळेत शिकवलं नाही, जिथे नात्याचं एकही घर नाही, अशा एका गावाचं ऋण माझ्यावर आहे. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा. लेखा गावाच्या शेजारचं, म्हणून बाहेरचे लोक त्याला मेंढा-लेखा म्हणतात. शंभराच्या आसपास घरं, गोंडांची. माझं घर तिथून शेकडो मैल दूर, सांगली जिल्ह्यात कृष्णेच्या काठी, उसाच्या पट्ट्यात. दोन्ही मुलखांत वरवर पाहता काहीच सारखं नाही. तरीही मिठानं मेलेलं माझ्या वडिलांचं रान पुन्हा पिकलं, ते मेंढ्याकडून शिकलेल्या एका गोष्टीमुळे. एकत्र बसायचं आणि शेवटच्या माणसाचं ऐकून घेतल्याशिवाय उठायचं नाही, एवढीच ती गोष्ट. पण जंगल आणि जमीन या दोन्हींचं भलं तिच्यावर अवलंबून आहे, असं माझं ठाम मत झालं आहे, आणि ते मत मला कुणामुळे मिळालं हे सांगणं माझं कर्तव्य आहे.

आधी रानाची गोष्ट सांगतो. वडिलांच्या लहानपणी आमच्या काळ्या जमिनीत शाळू व्हायचा, हरभरा व्हायचा. मग सहकारी उपसा योजना आली, नदीचं पाणी माथ्यावर चढलं आणि ऊस आला. उसामागून पक्की घरं आली, बहिणींची लग्नं झाली, माझं डी.एड. झालं. त्या पाण्यानं आम्हाला माणसांत आणलं, हे मी कधीही नाकारणार नाही. पण भारी काळ्या जमिनीत ओतलेलं पाणी पुढे जाणार कुठे, हा विचार योजनेच्या कागदात नव्हता आणि गावाच्या डोक्यातही नव्हता. पाळी आली की रात्रभर पाट वाहायचा. वर्षानुवर्षं असं झाल्यावर जमिनीखालचं पाणी हळूहळू वर आलं. मातीच्या बारीक छिद्रांतून ते पृष्ठभागापर्यंत चढायचं, उन्हानं उडून जायचं आणि सोबत आणलेले क्षार तिथेच सोडायचं. फेब्रुवारी-मार्चमध्ये रानावर पांढरी साय धरायची. लोक म्हणायचे, मीठ फुटलं.

मीठ फुटलेल्या रानात उसाची उगवण आधी तुटक होते, मग पानं करपतात, मग फक्त लव्हाळा आणि पाणकणीस उरतं, आणि शेवटी वेडी बाभूळ येते. मातीत पाणी असूनही मुळांना ते ओढता येत नाही, कारण क्षारांनी ते धरून ठेवलेलं असतं. सांगली-कोल्हापूर पट्ट्यात अशी हजारो एकर जमीन गेली. आमची तीन एकर त्यातलीच. ज्याची जमीन गेली तो वरच्या शिवाराला दोष द्यायचा, वरचा म्हणायचा माझ्या पाण्याचा मी मालक. दोघंही आपापल्या जागी रीतसर होते. पाणीपट्टी भरलेली होती, सातबारा स्वतःच्या नावाचा होता. माती मात्र दोघांच्या मधोमध मरत होती. वडिलांनी खचून त्या रानाकडे जाणं सोडलं आणि मी नोकरीच्या शोधात बाहेर पडलो.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मला धानोरा तालुक्यात शिक्षकाची नेमणूक मिळाली. गडचिरोली जिल्हा होऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. 1982 मध्ये चंद्रपुरातून तो वेगळा निघाला. आमच्याकडे त्या नेमणुकीला लोक शिक्षा म्हणायचे. माझी शाळा मेंढ्यापासून थोड्या अंतरावरच्या एका गोंड गावात होती. पावसाळ्यात रस्ता तुटायचा, हिवतापानं अंगातली ताकद जायची, आणि मुलांची भाषा मला येत नव्हती. पण त्या गावानं मला सांभाळलं. कुणी न सांगता दारात लाकडं पडायची. पहिल्या पावसानंतर बांबूचे कोवळे वास्ते, उन्हाळ्याच्या तोंडाला मोहफुलं, मधूनच द्रोणभर चारोळी. गावचे भूमिया, म्हणजे पारंपरिक प्रमुख, संध्याकाळी ओट्यावर येऊन बसायचे. नवा आंबा का खात नाही, असं मी एकदा त्यांना विचारलं. पंडुम झाल्याशिवाय नाही, एवढंच ते म्हणाले. नव्या फळाची पूजा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही, ही तिथली रीत. तेवढ्या मुदतीत फळ झाडावर पिकतं, काही खाली पडतं, पाखरं नेतात, बी रुजतं. मी वर्गात बीजप्रसार शिकवत होतो, आणि तो सणाच्या रूपानं गावात पाळला जात होता.

मेंढ्याची ओळख मला याच भूमियांनी करून दिली. तिथे ग्रामसभा बसते, आपणही जाऊन ऐकून येऊ, असं ते म्हणाले. मी गेलो आणि नंतर जमेल तेव्हा जात राहिलो.

त्या काळात मेंढ्यानं एक घोषणा दिली होती, जी पुढे महाराष्ट्रभर पोहोचली: दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. तिच्यामागे एक इतिहास होता. ऐंशीच्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम या धरणांविरुद्ध आदिवासींचं मोठं आंदोलन झालं. जंगल बचाव, मानव बचाव ही हाक तेव्हाची. बाबा आमटे, लालसू सोमा नोगोटी यांच्यासारखी माणसं त्यात होती. त्या जागृतीतून काही गावं स्वतःकडे नव्यानं पाहायला लागली. मेंढ्यात देवाजी तोफा हे त्यातले पुढचे. वृक्षमित्र या संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल तिथे शिकवायला गेले नव्हते. गाव स्वतःचा कारभार कसा करतं हे अभ्यासायला गेले होते, आणि मग त्या अभ्यासाचे सोबती झाले.

ग्रामसभेत मला सर्वांत आधी जाणवलं ते हे की तिथे हात वर करून मोजणी होत नाही. निर्णय सर्वसहमतीनं. एकाही माणसाची हरकत असेल तर विषय तिथेच थांबायचा, पुढच्या बैठकीत पुन्हा यायचा, त्याच्याही पुढच्या बैठकीत यायचा. बाया आणि पुरुष दोघंही बसणार, आणि बायांचं म्हणणं नोंदवलं गेलं नाही तर बैठक अपुरी. दारूबाबतचा निर्णयही बायांच्या पुढाकारानं असाच झाला होता. दुसरी गोष्ट अभ्यास गटाची. कायदा, बांबू, मधमाशी, हिशेब, जो विषय अडेल त्यावर काही जण एकत्र बसून माहिती गोळा करायचे, बाहेरच्या जाणकारांना बोलवायचे, वाद घालायचे. पण अभ्यास गटाला निर्णय घेता यायचा नाही. निर्णय फक्त ग्रामसभेचा. त्यामुळे शिकलेल्या माणसाच्या हाती सत्ता जात नव्हती, आणि सत्तेला न शिकण्याची सवलतही मिळत नव्हती. मी शिक्षक होतो, मला हे फार भिडलं. ज्ञान आणि निर्णय यांच्यात इतकं निरोगी अंतर मी तोवर कोणत्याही सभेत पाहिलं नव्हतं.

गावानं जंगलासाठी ठरवलेले नियम ऐकायला साधे आहेत. आग लावायची नाही. जंगलात अतिक्रमण करायचं नाही. फळासाठी झाड किंवा फांदी तोडायची नाही. घराला लागेल तेवढंच लाकूड आणायचं. आळीपाळीनं राखण करायची. सरकारी फलकांवरही जवळपास हेच लिहिलेलं असतं. फरक कुठे पडतो, ते मला माझ्या शाळेच्या गावात कळलं, आणि ते एका बाईनं शिकवलं.

मोहाची फुलं मार्च-एप्रिलमध्ये रात्री गळतात. पहाटे उठून ती वेचायची असतात. झाडाखाली वाळक्या पानांचा थर असतो, त्यात फूल दिसत नाही. म्हणून लोक हंगामाच्या आधी झाडाखालचा पाला पेटवतात. तो विस्तव वाऱ्यानं पसरतो आणि जंगल पेटतं. मोठी झाडं तगतात, पण वीतभर उंचीची रोपं मरतात. मातीवरचा पाल्याचा थर जातो. तो थर पावसाचा मार झेलतो आणि पाणी धरून सावकाश खाली सोडतो. तोच जळाला की पहिल्याच पावसात माती वाहून जाते, पाणी घाईनं निघून जातं, आणि धानाच्या बांध्यांना पाणी पुरवणारी बोडी लवकर आटते. म्हणजे जाळलेल्या पाल्याची किंमत सहा महिन्यांनी भाताला मोजावी लागते.

मेंढ्याचं पाहून माझ्या शाळेच्या गावानंही ठरवायला घेतलं की पाला जाळायचा नाही, झाडून काढायचा. सगळ्यांच्या माना हलल्या. मी मनात म्हटलं, झालं. तेवढ्यात मागे बसलेल्या एका बाईनं तोंड उघडलं. नवरा वारलेला, पदरात दोन लहान मुलं. ती म्हणाली, “तुमचं बरोबर आहे जी. पण मले दोनच हात आहेत. सात झाडं झाडायले येळ कुठून आणू? मी तर जाळीन.”

सभा शांत झाली. आमच्याकडे असती तर कुणीतरी म्हणालं असतं, एकीसाठी गाव थांबणार का, घ्या मतं. इथे विषय पुढच्या बैठकीवर गेला. त्या दिवसांत लोक तिच्या ओट्यावर जाऊन बसले, तिची झाडं पाहून आले. पुढे ठरलं ते असं की ज्या घरात माणूसबळ कमी, त्यांच्या झाडाखालची जागा शेजारच्या घरांनी मिळून झाडायची, आणि शाळेतली मोठी मुलंही हात लावतील. मग ती बाई हो म्हणाली. त्या हंगामात तिच्या झाडांखाली पेटवापेटवी झाली नाही.

त्या दिवशी मला जे समजलं, ते पुढच्या सगळ्या आयुष्याला पुरलं. निसर्ग राखण्याच्या प्रत्येक नियमाची किंमत असते आणि ती सगळ्यांवर सारखी पडत नाही. बहुमतानं ठरवलं की ती किंमत सर्वांत दुबळ्या घराच्या माथी जाते, आणि ते घर नाइलाजानं रात्री नियम मोडतं. मग दंड येतो, पहारा येतो, भांडण येतं. सर्वसहमतीत ती किंमत आधीच उघड होते आणि गावाला ती वाटून घ्यावी लागते. वाटून घेतलेला नियम राखायला पोलीस लागत नाही. पर्यावरणाचा लाभ आणि समाजाचा लाभ असे दोन वेगळे रकाने आपण कागदावर करतो. त्या सभेत मला ते एकाच ओळीत दिसले: विधवेच्या ओट्यावर गाव जाऊन बसलं म्हणून रोपं वाचली, आणि रोपं वाचली म्हणून बोडीचं पाणी टिकलं.

बांबूचंही तसंच. बांबूच्या बेटात नवे कोंब बाजूला येतात आणि जुने दांडे मधे राहतात. नीट तोड करायची तर कोवळे राखायचे, पक्व झालेले काढायचे, जमिनीलगत पेरावर कापायचं, आणि तोडलेल्या बेटाला काही वर्षं विश्रांती द्यायची. असं केलं की बेट पिढ्यान्‌पिढ्या देत राहतं. घाईच्या ठेकेदारीत सोपा दांडा आधी कापला जातो, कोवळा-पक्व पाहिलं जात नाही, आणि मधला गुंता तसाच राहून बेट कोंडतं. या भागातला बांबू कित्येक वर्षं कागदासाठी जात होता आणि ज्यांच्या दारातून तो जायचा त्यांना टोपली विणायला कामट्या मिळणंही अवघड व्हायचं. जो तोडतो त्यालाच पुढच्या तोडीपर्यंत तिथे राहायचं असेल, तर त्याचा हात आपोआप सावध होतो. मेंढ्याची मागणी मुळात एवढीच होती: आम्ही इथेच राहणार आहोत, तर राखणं आणि वापरणं दोन्ही आमच्याकडे द्या.

ती मागणी मान्य व्हायला फार काळ गेला. 2006 चा वनहक्क कायदा आला, 2008 मध्ये त्याचे नियम आले, आणि 2009 मध्ये मेंढ्याला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. शेजारच्या मर्दा गावासोबत देशातल्या अशा अगदी पहिल्या गावांत त्याची नोंद झाली. मी तोवर बदली होऊन सांगलीला परतलो होतो. वर्तमानपत्रात बातमी वाचून शाळेच्या परिपाठात मुलांना ती वाचून दाखवली. पण हक्क मिळूनही बांबू विकता येईना, कारण नव्या कायद्यात बांबू गौण वनोपज होता आणि 1927 च्या वन अधिनियमात तो झाड होता. वाहतुकीचा परवाना कुणी द्यायचा यावर गाडं अडलं. 27 एप्रिल 2011 रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं गेलं. ग्रामसभेच्या सहीनं बांबूची गाडी रस्त्याला लागली. त्या पैशातून मजुरी गावातच मिळाली, आणि जंगलाच्या कामासाठी निधी उभा राहिला. पुढे गडचिरोलीतल्या हजाराहून अधिक गावांना असे हक्क मिळाले.

मेंढ्याला हक्क मिळाला त्याच 2009 मध्ये एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. सामाईक रान, पाणी, मासेमारी यांचा लोक नाश करतातच असं नाही. ज्यांना नियम पाळायचे आहेत त्यांचाच नियम करण्यात हात असेल तर ती संपत्ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते, हे त्यांनी जगभरातल्या उदाहरणांवरून दाखवलं होतं. त्यांच्याविषयी वाचताना माझ्या डोळ्यांसमोर मेंढ्याची ग्रामसभा होती. जगानं ज्याला त्या वर्षी सन्मान दिला, ते मी जमिनीवर बसून आधीच ऐकलं होतं.

2013 मध्ये मेंढ्यानं आणखी एक पाऊल टाकलं. महाराष्ट्र ग्रामदान अधिनियम 1964 चा. विनोबांच्या चळवळीतून आलेला, पण बहुतेकांच्या विस्मरणात गेलेला. त्याखाली गावातल्या सगळ्या खातेदारांनी आपली शेतजमीन ग्रामसभेच्या मालकीत दिली. कसणारा कसतच राहतो, पण जमीन बाहेर विकली जात नाही. स्वतःचा सातबारा जिवापाड जपणाऱ्या मुलखातून आलेला मी ती बातमी वाचून कितीतरी वेळ स्तब्ध बसलो. आमच्याकडे मालकी हक्क पक्के होते आणि माती मेली होती. तिथे मालकी सैल केली होती आणि जंगल व जमीन दोन्ही शाबूत होती.

आता माझ्या रानाकडे येतो. निवृत्तीनंतर मी वडिलांचं मेलेलं रान सुधारायचं मनावर घेतलं. उपाय ठाऊक झालेला होता. जमिनीखाली साधारण चार फुटांवर छिद्रं असलेले पाइप गाळणीच्या कापडात गुंडाळून ओळीनं टाकायचे. जादा पाणी त्यांत झिरपतं, सोबत क्षार घेऊन मुख्य पाइपात येतं आणि ओढ्याला जाऊन मिळतं. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रानं या प्रश्नावर काम केलं आहे, आणि शिरोळच्या दत्त कारखान्याच्या परिसरात शेतकऱ्यांनी एकत्र येऊन अशी हजारो एकर जमीन सुधारली आहे. तंत्रात काही गूढ नाही. अडचण एवढीच की हे काम एकट्याच्या रानात होत नाही. पाणी शेवटी ओढ्यापर्यंत न्यायचं तर मुख्य पाइप खालच्या शेतकऱ्यांच्या रानातून गेलाच पाहिजे. आणि खालच्या माणसाचं रान बहुधा चांगलं असतं, नाहीतर ओढ्यालगत असल्यानं आपसूक निचरा होत असतो. त्याला काहीच पडलेली नसते.

आमच्या शिवारात पस्तीसेक खातेदार होते. पहिल्या बैठकीत बहुतेक जण तयार झाले आणि लगेच चर्चा निघाली की जो आडवा येईल त्याला कसं गुंडाळायचं. एक अर्ज, एक ठराव, वरून थोडा दाब. मी उभा राहिलो आणि विनंती केली की मतं घेऊ नका. ओढ्याकाठच्या त्या एका माणसाला काय म्हणायचंय ते आधी ऐकू. मला हे सुचलं ते त्या मोहाखालच्या बाईमुळे.

तो माणूस दोन बैठकांना आलाच नाही. मग आम्ही काही जण त्याच्या वस्तीवर गेलो. चहा झाला, पिकापाण्याचं झालं. शेवटी तो म्हणाला, “पाइप घाला की गुरुजी, मी कुठं नगं म्हनतोय. पर तुमचं खारं पाणी माझ्या हिरीपाशी वड्यात सोडनार, आन्‌ ते हिरीत उतरलं तर माझी जनावरं काय पिनार? आन्‌ उभ्या उसात चर काढला तर माझा तोटा कोन भरनार?”

दोन्ही हरकती खऱ्या होत्या. आराखड्यात त्यांचा उल्लेख नव्हता, कारण आराखडा करताना त्याला कुणी विचारलंच नव्हतं. मग मुख्य पाइप त्याच्या विहिरीच्या खालच्या अंगाला, पुढच्या वळणापर्यंत नेऊन सोडायचं ठरलं. खर्च वाढला, तो सगळ्यांनी एकरी हिशेबानं वाटून घेतला. चर त्याचा ऊस तुटल्यावर, खोडवा न ठेवता काढायचा, आणि त्याच्या एका हंगामाची भरपाई शिवारानं करायची. हे सगळं जुळायला वर्षांमागून वर्षं गेली. मधे बैठका मोडल्या, भावकीतली जुनी भांडणं वर आली, दोघं-तिघं बाहेर पडले आणि परत आले. पण जेव्हा चर पडले तेव्हा एकानंही अडवलं नाही, आणि कुणी कोर्टात गेलं नाही.

पाइपाच्या तोंडातून पहिलं पाणी आलं ते खारट होतं. पुढचे पावसाळे पावसाचं पाणी क्षार धूत राहिलं. आम्ही धैंचा पेरून गाडला, शेणखत घातलं. मग एका रब्बीत शाळू उगवला, कोपऱ्याकोपऱ्यापर्यंत सारखा. वडील तेव्हा नव्हते. आई रानात आली, बांधावर बसली आणि बराच वेळ नुसती पाहत राहिली.

तिथून शिवारानं आणखी गोष्टी ठरवल्या, आणि त्याही याच रीतीनं. पाटपाणी बंद करून ठिबक. उसाचं पाचट जाळायचं नाही. एका हेक्टरमधून आठ-दहा टन पाचट निघतं. ते पेटवलं की त्यातला सेंद्रिय कर्ब धूर होऊन जातो आणि मातीवरचे जीव मरतात. सरीत कुट्टी करून पसरलं तर ओल टिकते, तण कमी येतं, गांडुळं परततात. मोहाखालचा पाला आणि उसाचं पाचट यांच्यात मला आता काही फरक दिसत नाही. कोल्हापूरच्या प्रताप चिपळूणकरांनी नांगरणी कमी करून पिकांची मुळं जमिनीतच कुजू देण्याचा आग्रह वर्षानुवर्षं धरला आहे. त्यांच्या लेखनाचाही मी ऋणी आहे. आमच्यातही पाचट न जाळण्याला हरकत आली होती. ऊसतोड करणाऱ्या टोळीतल्या एका बाईची. पाचटात साप-विंचू असतात, पात्यानं हात कापतात, जाळलेला फड तोडायला सोपा जातो, असं तिचं म्हणणं. ती खातेदार नव्हती, गावचीही नव्हती, बीडकडची होती. तरी तिला बैठकीत बसवलं. मग न जाळलेल्या फडाच्या तोडीला टनामागं जादा मजुरी, हातमोजे आणि पायात बूट असं ठरलं. मातीचं भलं करताना ज्याचे हात कापले जातात त्याला बाजूला ठेवून ते भलं टिकत नाही.

या सगळ्यातून मिळालं काय, असं लोक विचारतात. जमिनीचं सांगतो: निचरा झाला, खत कमी लागतं, विहिरीचं पाणी सुधारलं, बांधावर आंबा, शेवगा, बांबू लावले ते जगले, पाखरं वाढली. माणसांचं सांगतो: बांधावरून बोलणं बंद झालेली दोन घरं बोलायला लागली, शहरात गेलेली काही मुलं रान कसायला परतली, आणि बायका बैठकीत पुढे बसू लागल्या. यातलं पहिलं आधी झालं की दुसरं, हे मला वेगळं काढून सांगता येणार नाही. मेंढ्यातही ते वेगळं काढता येत नाही.

2025 च्या जानेवारीत मोहन हिराबाई हिरालाल, म्हणजे मोहनभाऊ, गेले. बातमी कळल्यावर मी आमच्या शिवाराच्या बैठकीत त्यांच्याबद्दल बोललो. तिथल्या बहुतेकांनी त्यांचं नाव पहिल्यांदाच ऐकलं होतं. पण त्यांनी आणि मेंढ्यानं मिळून जी पद्धत घडवली, तिच्यावरच ती बैठक चालली होती. ऋण असंही येतं. घेणाऱ्याला देणारा माहीत नसतो. म्हणूनच ज्याला माहीत आहे त्यानं ते सांगावं लागतं. आदिवासींना आपण कायम काहीतरी द्यायला निघतो: योजना, शिक्षण, विकास. मी तिकडे शिकवायला गेलो होतो आणि शिकून आलो. बागायती महाराष्ट्राची माती त्या कोरडवाहू, रानातल्या महाराष्ट्राकडून जे घेऊन जगू शकते, त्याची नोंद कुठल्याही खातेवहीत नाही.

आमच्या तालुक्यात अजून पुष्कळ रान पांढरं आहे. जिथून बोलावणं येतं तिथे मी जातो. पाइपांची खोली आणि उतार अभियंते ठरवतात, कर्जाचं सोसायटी पाहते. मी फक्त एक आग्रह धरतो: जो अजून एक शब्दही बोलला नाही त्याला आधी बोलू द्या, आणि त्याची अडचण सुटेपर्यंत चर खणू नका. ही पद्धत धानोरा तालुक्यातल्या मेंढा गावाची आहे, हे मी प्रत्येक बैठकीत आधी सांगतो. मेंढ्याला माझ्याकडून काही परत नको आहे. ज्यांचं आहे त्यांचं नाव घेऊन ते पुढच्या शिवाराच्या हाती देत राहणं, एवढं मला करता येतं, आणि ते मी अंगात बळ आहे तोवर करणार आहे.